एका घरातली एकच

आमच्या घरात सून बघायला जाताना आबा पोह्यांची बशी हातात धरतात आणि नजर मुलीच्या घोट्यांवर ठेवतात, असं सगळं खुटबाव सांगतं. त्यात थोडं खोटं आहे. मला त्यांनी पाहिलं ते वरवंडच्या मैदानावर. मी चढाईला गेले होते आणि तिघींना बाद करून परत आले होते. पोहे नंतर झाले.

आबा म्हणजे माझे सासरे मारुतराव. तरुणपणी झुंजार क्रीडा मंडळाचा डावा कोपरा त्यांचा होता. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा त्यांच्या हातात सापडला की तो गडी परत जायचा नाही. पुढे गुडघे गेले तसा त्यांनी मंडळात पोरीबाळींचा कबड्डी संघ उभा केला, आणि दोन्ही मुलांच्या बायका मैदानावरूनच आणल्या. लग्नानंतरही खेळायचं, ही त्यांची अट. सासूबाईंना, म्हणजे साखरबाईंना, आम्ही आत्या म्हणतो. त्यांची अट एकच, खेळून आल्यावर भाकरी थापायच्या.

पहिली सून मी, ज्ञानेश्वरी. दुसरी राजनंदिनी, म्हणजे नंदा.

नंदा आली ती लॉकडाऊनमधे. कोरेगाव भीमाची पोर. अंगणात मोजकी माणसं, नवरा-नवरीच्या मुंडावळ्यांखाली मास्क, आणि मास्कच्या वरून दिसणारे तिचे ते डोळे. माझी म्हाळू तेव्हा मांडीवर होती, नीट मान धरायला लागली होती नुकती. नंदानं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि सगळ्यात आधी माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, हात धुतलेत. घेऊ का?"

मी दिली. तिनं म्हाळूला अशी काही घेतली की जणू पोटातून काढूनच घेतली. आणि मी काय बघत होते? तिची कंबर. माझी कंबर कुठे गेली होती ते मला त्या दिवशी कळलं. बाळंतपणानंतर सैल पडलेलं पोट, दुधानं जड झालेली छाती, आणि समोर ही, वेताच्या छडीसारखी. शेजारी कुणीतरी म्हणालं, "आबांनी रेडर आणली बरं का." मी तिथेच उभी होते. वर्षापूर्वीपर्यंत मंडळाची रेडर मी होते.

मंडळाचं मैदान म्हणजे शाळेचं पटांगण. शाळेत विलगीकरण कक्ष झाला आणि आमच्या मध्यरेषेवर दोऱ्या बांधून लोकांचे टॉवेल वाळू लागले. पाऊसकाळ सरत आला तसं आनंदरावमामांनी सगळ्यांना आमच्या रानात बोलावलं. मामा आमचे प्रशिक्षक. कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करतात, उरलेला वेळ आम्हाला देतात, आणि त्याचे कुणाकडून काही घेत नाहीत. आमच्या रानात बोलावलं, कारण तिथे जागा होती. देवळं बंद, लग्नं बंद. शेवंतीला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून आबांनी आख्खा तुकडा उपटून मोकळा केला होता.

बांधावर आम्ही हातभर काय, चांगल्या दोन-दोन हात अंतरानं उभ्या. मामा मधे.

"आता नीट ऐका. कबड्डीत दम घुमवायचा म्हंजी तोंडानं वारा सोडायचा. आन् तो कुठं? म्होरलीच्या तोंडावर. वर सात जणींनी मिळून एकीला मिठी मारायची. ह्याला खेळ म्हनायचं का रोगाची पेरनी?"

"मग मामा, पाठ करून म्हनू का कबड्डी कबड्डी?" सविता म्हणाली. सविता आमचा उजवा कोपरा, अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून.

"तू म्हनूच नको. तुझा दम घरी दावं."

हसून झाल्यावर मामांनी खिशातून रुमाल काढला आणि कमरेला, मागच्या बाजूला खोचला. त्यांनी कंपनीत बसून बसून ही युक्ती काढली होती. प्रत्येकीनं असा रुमाल खोचायचा. रेडर आली की तिला धरायचं नाही, तिचा रुमाल ओढायचा. रुमाल गेला की ती बाद. तिनंही शिवायचं नाही, रुमालच न्यायचा. दम मनातल्या मनात. अशानं पाय चालू राहतील, डोळे चालू राहतील, आणि अंगाला अंग लागणार नाही.

"आन् पकड?" आबांनी खाटेवरून विचारलं. "पकड इसरल्या तर मंग?"

"पकड एका घरातल्यांनी आपसात करायची. बाहेरचीला हात लावायचा न्हाई."

सगळ्यांनी माना वळवून आमच्याकडे बघितलं. एका घरातल्या दोघी अशा फक्त आम्हीच.

"बरंय बाई ह्यांचं," सविता म्हणाली. "घरातच मैदान, घरातच गडी. आमच्या घरात मी कुनाला धरू, म्हशीला?"

त्या दिवशी माझा हेवा करणाऱ्या बाया बघून मला बरं वाटलं होतं. नंदाला धरायचं म्हणजे काय, हे मला अजून ठाऊक नव्हतं.

दुपारी म्हाळूचं खाणं झालं की आम्ही रानात जायचो. आबांनी काठीनं रेघा मारल्या होत्या. लिंबाखाली पोतं टाकून त्यावर म्हाळूला बसवायचं, आबांनी खाटेवरून तिच्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघायचं.

"ताई, मी जाते आधी," नंदा म्हणायची. रोज आधी तीच. पहिल्यांदा मला वाटलं, नवी आहे, हौस आहे, जाऊ दे. मग ती सवयच झाली. ती चढाईला यायची आणि मी धरायला उभी. मी रेडर, पण माझ्या घरात माझ्याच रानात मी पकड करणारी झाले, ती अशी, कुणी न ठरवता.

आणि ती काय यायची! खांदा एका बाजूला पाडायची, मला वाटायचं ती तिकडे चालली, मी वजन टाकायचे, तोवर तिचा पाय मागून येऊन माझ्या मांडीला शिवून गेलेला असायचा. मी वळेपर्यंत ती रेघेवर, कमरेवर हात ठेवून हसतेय. धापसुद्धा नाही. मला खाली वाकलं की छाती भरून यायची, दुखायची. ब्लाऊजवर दोन ओले डाग पडायचे आणि मी पदर ओढून घ्यायचे.

"थोरली, वाकतीस उशिरा," आबा म्हणायचे.

"लेकरू झाल्यावर वाकून बघा म्हनावं ह्यांना," आत्या घरातून ओरडायच्या.

हळूहळू मी वाकायला लागले. आधी तिचा खांदा बघायचे, मग खांदा बघायचा सोडून टाच बघायला लागले. धरलीही मग कधी कधी. घोट्याला माझी बोटं बसली की नंदा "आई गं" म्हणून मातीत पडायची आणि पडल्या पडल्या हसायची. म्हाळू पोत्यावर टाळ्या वाजवायची. टाळ्या मात्र नंदासाठी. मी धरलं तरी नंदासाठी, मी सुटू दिलं तरी नंदासाठी.

हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं. मी स्वयंपाकात असायचे, तेव्हा म्हाळूला तेल लावायची नंदा. मी झाडलोट करत असायचे, तेव्हा अंगाई नंदाची. आणि अंगाई कसली, कबड्डी कबड्डी कबड्डी, एका दमात, हळू, कानाशी. पोर त्यावर झोपायची. माझ्या पोरीनं पहिला शब्द काढला तो "का-का". आबा म्हणाले कावळ्याला म्हणाली. आत्या म्हणाल्या, न्हाई, काकीला. कावळ्याला असावा, असं मी देवाजवळ मागितलं.

दुधापुरती ती माझी होती. दूध पिताना ती माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरायची आणि वर बघायची, तेवढा वेळ जगात नंदा नव्हती. पोट भरलं की मूठ सुटायची, मान वळायची, आणि डोळे दाराकडे.

संक्रांत झाल्यावर मामा आले ते अंगणातूनच ओरडत आले. शिरूरला सामने ठरले होते. तिथल्या एका मंडळानं मोठी तयारी केली होती. सगळे संघ एका मंगल कार्यालयात ठेवायचे, मैदान कार्यालयाच्या मागे, तीन दिवस कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरचं कुणी आत यायचं नाही. जाताना नाकातली तपासणी. प्रेक्षक नाहीत, सामने मोबाईलवर दिसणार.

आम्ही दोघी ओट्यावर एकदमच उभ्या राहिलो. मामांनी आमच्याकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"एक हाय. मंडळानं ठरवलंय, एका घरातली एकच घ्यायची."

"का ओ?" नंदा म्हणाली.

"अगं, एकीच्या घरात निघाला की आख्खं घर बंद व्हतंय. दोघी एका घरातल्या घेतल्या, आन् आदल्या दिवशी तुमच्या घरात कुनी खोकलं, तर माझा संघ अर्धा बसला की! बाकीच्या साऱ्या एकेका घरातल्याच हायेत. प्रश्न तुमचाच हाय."

"मग कोण?" मी विचारलं.

"ते तुम्ही घरात ठरवा. मला भांडान लावायला सांगू नका."

म्हणजे आधी मंडळानंच आम्हाला एकमेकींच्या अंगावर घातलं होतं, एका घरातल्या म्हणून. आणि आता एका घरातल्या म्हणूनच दोघींतली एक काढायला सांगत होतं.

जेवताना आत्यांनी एका वाक्यात मिटवलं. "ठरवायचं काय त्यात? जिच्या अंगावर पितं लेकरू हाय ती घरी ऱ्हाईल."

"मैदानावरचं मैदानावर ठरवा," आबा पुटपुटले.

माझा नवरा सुदर्शन शिफ्टवरून नुकता आला होता. तो आमच्यापैकी कुणाकडेच न बघता भाकरीकडे बघत राहिला. भाकरीत एवढं बघण्यासारखं काही नव्हतं.

नंदा हळूच म्हणाली, "सामने माझ्या माहेरच्या तालुक्यात हायेत. आमच्या जुन्या संघातल्या पोरी येतील. मास्तर येतील." एवढंच म्हणाली. मागितलं नाही तिनं. पण मला ते मागण्यापेक्षा जास्त लागलं, कारण सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांच्या मनात ती गेलीच होती. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी बाळंतीण झाले तेव्हाच मैदानावरून उतरले, अशी सगळ्यांची समजूत, आणि ती समजूत किती मायेची! ज्ञानाला कशाला त्रास. ज्ञानाचं लेकरू लहान.

"आबा म्हणतात तसं करू," मी म्हणाले. "उद्या रानात. एकच रेड. नंदा, मला शिवून रेघेवर पोचलीस की तू जा. धरली तर मी जाईन."

आत्यांनी डोळे मोठे केले. "आन् लेकरू?"

"लेकरू काकीला ओळखतंय की," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

नंदा हसली. तिला कठीण वाटलं नसणार; रोज ती चारदा सुटायची तेव्हा मी एकदा धरायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे रानात आले. आत्यासुद्धा, पदराला हात पुसत. म्हाळू लिंबाखाली पोत्यावर, रोजच्या जागी. मी मुद्दाम तिला तिथे बसवलं नव्हतं. ती रोज तिथेच बसायची. पण त्या दिवशी तिला उचलून आत्यांकडे द्यावं, हे मला सुचलं होतं आणि मी दिलं नाही, हेही खरं.

कारण मला एक गोष्ट ठाऊक होती, जी आबांनाही नव्हती. नंदाची टाच बघता बघता मी कधीतरी तिचे डोळेही बघायला लागले होते. चढाई करून वळायच्या आधी ती दर वेळी म्हाळूकडे बघायची. एक पापणी लवेल एवढंच. बघून हसायची. मला ते हसू टोचायचं, म्हणून मला ते दिसायचं.

नंदा आली. दम घुमवत, मास्कमधून. खांदा डावीकडे पडला. मी हलले नाही. पाय मागून आला, माझ्या मांडीला शिवला. मी तरी हलले नाही. आता तिला फक्त वळायचं होतं. म्हाळू ओरडली, "का-का!" आणि नंदानं बघितलं.

मी पालथी पडले आणि तिचा घोटा दोन्ही हातांनी धरला. ती ओढत होती, हात लांब करत होती, रेघ तिच्या बोटांपासून वीतभर. तिच्या दमाचा आवाज बारीक होत गेला आणि तुटला.

आबा खाटेवरून उठून उभे राहिले. गुडघे विसरून.

नंदा मातीत पडून आभाळाकडे बघत होती. मग उठली, पंजाबी ड्रेस झटकला, म्हाळूला उचलून तिच्या पोटात तोंड खुपसलं. "तू बाद केलंस व्हय मला? आं? तू केलंस?" पोर खिदळत होती. नंदाचा चेहरा मला दिसत नव्हता. तो बराच वेळ तिनं वर काढला नाही.

"जा मग," आत्या मला म्हणाल्या. "पन आता हरून येऊ नको."

चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं आमची गाडी शिरूरला निघाली तेव्हा नंदा म्हाळूला कडेवर घेऊन फाट्यापर्यंत आली होती. मला म्हणाली, "ताई, तिथली ती नऊ नंबरची उल्का असंल ना, ती आन् मी एकाच मास्तरच्या हाताखालच्या. ती माझ्यासारखीच येती." मग म्हाळूचा हात हलवून, "आईला टाटा कर." म्हाळूनं केला. रडली नाही. मी गाडीत बसून वाट बघितली, आता रडेल, आता रडेल. गाडी वळली तरी नाही.

पहिला सामना आठवला की सविता अजूनही चिडते. समोरची रेडर आली, ती सरळ सविताच्या कोपऱ्यात. सविताच्या हातात तिचा पाय येत होता, येत होता, आणि सवितानं काय केलं? तिची जर्सी कमरेपाशी मागून धरली आणि ओढली! पंचांनी शिट्टी मारली. कपडा ओढला म्हणून रेडर नाबाद. पुढच्या वेळी आमच्या मधल्या फळीतल्या पोरीनं तेच. मग तिसरीनं. महिनोन्‌महिने रुमाल ओढून ओढून सगळ्यांचे हात कमरेकडेच जायला लागले होते. एकीनं तर ओढून झाल्यावर मूठ वर करून दाखवली, जणू रुमाल मिळालाय.

"अगं पाय! पाय धरा, रुमाल न्हाई तिथं!" मामा बाहेरून कपाळ बडवत होते.

समोरच्या संघाला वाटलं, खुटबावकडे ही काही नवी रीत आहे.

धरणारी एकटी मी उरले. मामांनी मला चढाईवरून काढलं आणि आबांच्या जागी, डाव्या कोपऱ्यात उभं केलं. मला रेड करायची होती. त्याच्यासाठी तर मी आले होते. पण घोटे दिसले की माझी बोटं आपोआप जात होती. रोज दुपारी नंदानं, न विचारता, त्यांना हेच शिकवलं होतं. तो सामना आम्ही जेमतेम काढला.

दुपारपर्यंत छाती दगड झाली. कार्यालयाच्या मागच्या न्हाणीत जाऊन मी दूध काढलं. कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून वाटीत काढलं आणि तिथल्या जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. सविता दारावर पहारा देत होती. "बाई, त्या जास्वंदीला आता लेकरं व्हतील," म्हणाली. मी हसता हसता रडले, तेव्हा मात्र तिनं आतून टॉवेल आणून दिला.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. नंदाच्या मांडीवर म्हाळू, तोंडाला वरणभात.

"रडली का गं?"

"न्हाई ओ ताई! तुमी अजिबात काळजी करू नका. तिनं तुमची आठवणबी काढली न्हाई!"

ती मला धीर देत होती. मला कळत होतं. मी "बरं झालं" म्हणाले. म्हाळूला हाक मारली, तिनं मोबाईलकडे बघितलं, मग वर नंदाकडे बघितलं, आणि नंदाच्या गळ्यात तोंड लपवलं. थोडीशी रडली असती तर मला झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना. समोर नंदाचा जुना संघ. नऊ नंबरची उल्का पहिल्यांदा आली आणि मी गारच पडले. तोच खांदा. तोच पडायचा, तसाच मागून येणारा पाय. नंदाच आली असं वाटलं. तिनं आमच्या दोघी नेल्या, पुन्हा दोघी नेल्या. मामांनी वेळ मागून घेतला, मला म्हणाले, "ज्ञाना, तू रोज घरात धरतीस ना असली? मग हिला काय झालं?"

काय झालं होतं ते मी मामांना कसं सांगू? ही म्हाळूकडे बघत नव्हती. इथे म्हाळू नव्हती. वळायच्या आधीची ती पापणी इथे लवत नव्हती, आणि मला फक्त तेवढंच धरता येत होतं.

शेवटची चढाई. आम्ही एका गुणानं मागे. उल्का आली. एका बाजूला सविता, हात कमरेकडे जायला शिवशिवलेले. एका बाजूला मी. खांदा पडला. आणि त्या क्षणी मी तिला उल्का म्हणून बघितलंच नाही. ती नंदा होती. तिच्या कडेवर माझी पोर होती. वरणभात भरवणारा तोच हात, दम घुमवून झोपवणारा तोच आवाज, आणि ती आता वळून रेघेपलीकडे निघाली होती, माझी पोर घेऊन, आणि पोर मागे वळून बघतही नव्हती. नाही. इथून तू जाणार नाहीस. मी घोट्यावर पडले. तिनं लाथ झाडली, माझ्या छातीला लागली, दुधाच्या जागी, डोळ्यांपुढे पांढरं झालं. मी सोडलं नाही. सविता वर येऊन पडली, मग सगळ्या. शिट्टी झाली तरी माझी बोटं सुटेनात. पंचांनी "झालं, झालं बाई, सोडा" म्हणत सोडवली. बरोबरी झाली. बरोबरी सोडवायला दिलेल्या जादा चढायांत आम्ही जिंकलो.

अंतिम सामना आम्ही हरलो, आणि ते बरोबरच होतं. त्या संघानं रुमाल-बिमाल काही खेळलेलं नव्हतं.

घरी आले तेव्हा सगळे ओट्यावर. आधी बाहेरच्या नळावर अंग धुतलं, कपडे बदलले, आत्यांनी अंगावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या नंबरचा चषक आबांनी मांडीवर घेतला आणि तो पुसतच बसले. मी हात पसरले. म्हाळू नंदाच्या कडेवर होती. मला बघून हसली, आणि तिथेच राहिली.

"दे," मी म्हणाले.

नंदानं एक पाऊल मागं घेतलं. "आधी सांगा. पहिल्या सामन्यापासनं. मग पोरगी."

"नंदे, दे म्हणते ना."

"सांगा की ताई! तीन दिवस मी हिला घेऊन मोबाईल हातात धरून बसले. आपल्या वस्तीवरची रेंज म्हंजी तुम्हाला ठाव हाय. रेडर वळली की गोल फिरायला लागायचं. आबा त्या मोबाईलला शिव्या देत्यात, मी रडकुंडीला."

तिचे डोळे भरले होते. हसत होती, पण भरले होते. ते सामने तिचे होते. तिच्या तालुक्यातले, तिच्या मैत्रिणींसमोरचे, तिच्या मास्तरांसमोरचे. मी तिच्याकडे बघितलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला कळलं की तिलाही माझ्यासारखंच दुखतंय. कळलं, पण माझं कमी झालं नाही.

मग मी ओट्यावर बसून सांगितलं. सविताची जर्सी, वर केलेली रिकामी मूठ, मामांचं कपाळ. आबा हसता हसता खोकले. आत्यांनी जास्वंदीचं ऐकून डोळ्याला पदर लावला. उल्कानं दोनदा कशा दोघी नेल्या तेही सांगितलं, तेव्हा नंदाची मान जरा ताठ झाली.

"मग शेवटी कशी धरली तिला?" ती पुढे सरकून बसली. "तुम्ही वाकला आन् गोल फिरायला लागलं बघा. सविताक्का फोनवर म्हनली, ताईंनी शिट्टी झाल्यावरबी सोडली न्हाई. तिची टाच बघितली? का नजर?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"बसली बोटं. आपोआप," मी म्हणाले.

"असं कसं आपोआप?"

"आता बसली त्याला काय करू?"

नंदाला पटलं नव्हतं. पण सांगणं संपलं होतं, आणि ती बोलल्याला जागणारी आहे. तिनं म्हाळूला माझ्या मांडीवर ठेवलं.

पोरीनं आधी माझा वास घेतला. मग पदराखाली तोंड घातलं, आणि इतक्या जोरात ओढलं की माझ्या अंगावर काटा आला. दुखलं. चांगलं दुखलं. ती पीत होती, वर बघत होती. एका हाताची मूठ मंगळसूत्रावर. दुसरा हात मात्र मागे गेला होता. मांडीशेजारी बसलेल्या नंदाची ओढणी त्यात घट्ट धरलेली.

नंदा हलली नाही. ओढणी ओढली गेली तर पोर पिणं सोडेल म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होती.

मी तो हात धरला, आणि ती चिमुकली बोटं, एकेक करून, सोडवली.